खुणेच्याही वर

खाणीवर सगळे तिला वहिनी म्हणायचे. खडी भरायचा मोठा लोडर ती चालवायची. आधी तो तिच्या सासऱ्यांच्या हातात होता. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि मशीन सुटलं. नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. इंजिनाच्या आवाजानेच त्याचं डोकं उठायचं. शेवटी तीच म्हणाली, "मामंजी, मला शिकवाल?"

सासरे हसले नाहीत. मालकांची परवानगी काढून ते रोज तिच्या खांद्यावर हात ठेवून खाणीवर यायचे. महिनाभर त्यांनी तिला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही. सकाळी इंजिन गार असताना नुसतं ऑइल बघायचं. ऑइल मोजायची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, मग काढून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं.

"आणि बोटावर घे," ते म्हणायचे. "डोळ्यांचा काय भरवसा? माझे बघ, न सांगता रजेवर गेले."

सहा वर्षं ती एकटीने लोडर चालवत होती. एका सकाळी ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर दिसलं. कुणी भरलं का, तिने सगळ्यांना विचारलं. कुणीच नाही.

"कमी तर नाही ना? मग झालं!" सुपरवायझर म्हणाला. "चार ट्रक खोळंबलेत."

"साहेब, ऑइल आपोआप वाढत नसतं."

तिने थेंब चिमटीत चोळला. पाण्यासारखा पातळ, आणि डिझेलचा वास. तिने चावी काढून कमरेला खोचली. "मेकॅनिक येईपर्यंत मी चालू करणार नाही. हवं तर मला काढून टाका."

दोन तास ती सावलीत बसून होती. चुकली असती तर तिच्याबरोबर मामंजींचंही हसं झालं असतं.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. डिझेलच्या पंपाचं सील फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं. "तासभर ओझं उचललं असतं तर इंजिन जाम झालं असतं. कुणी ओळखलं?"

"वहिनींनी," सुपरवायझर ओशाळून म्हणाला. "मी तर घाईच करत होतो."

घरी येऊन तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं. मग इतकी वर्षं ओठांवर अडलेलं बोलून गेली, "मामंजी, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"गप गं. डोळे गेले तेव्हा वाटलं, शिकलेलं सगळं वाया गेलं. तू विचारलंस म्हणून टिकलं. आभार मीच मानायला हवेत." ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात सुपरवायझरने सासऱ्यांना आणायला जीप पाठवली. खाणीवरचे बाकीचे तिन्ही ड्रायव्हर त्यांच्यासमोर शिकायला उभे होते. एकाने पट्टी काढली, तशीच आत घातली.

"पुसली नाहीस," सासरे म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"फडक्याचा आवाज आला नाही, बाबा!"

सगळ्यांत मोठ्याने वहिनी हसली.