काळ्या बीअरचा वास

आमच्या मामेसासऱ्यांइतका निर्व्यसनी माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि बीअरनं इतका झपाटलेलाही. चहासुद्धा न पिणारे हे गृहस्थ बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये काही वर्षं काळी बीअर करत बसले होते; तीही साधीसुधी नव्हे, इंग्रजांच्या काळात कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांसाठी बनायची तशी. ती बनवणाऱ्या, कधीच बंद पडलेल्या कारखान्याच्या नोंदींच्या झेरॉक्स त्यांनी कुठून पैदा केल्या, देव जाणे! बाल्कनीत कढई मांडून जव काळे होईस्तोवर भाजायला बसले की शेजारच्या काकू चकलीची भाजणी का, म्हणून विचारायच्या आणि मामा त्यांना सरळ खरं सांगून टाकायचे. मग काकू आठवडाभर आमच्याकडे बघायच्या नाहीत. घोट घेऊन बघायचं काम अर्थात जावयाचं, म्हणजे माझं. मी ‘मस्त झालीय’ म्हटलं की मामा खेकसायचे, "चव कोण इचारून राहिलं तुमाले?"

त्यांना हवा होता वास. त्यांचे वडील त्याच कारखान्यात भट्टीवर होते आणि मामा पाळण्यात असतानाच गेले. फोटो एकही नाही. वडिलांच्या अंगाला बीअरचा वास यायचा, तो आठवत होता एकट्या आक्कांना, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या सासूबाईंना. दर खेपेला मामा ग्लास घेऊन जायचे, आक्का हुंगायच्या आणि नाही म्हणून मान हलवायच्या. जव किती, पाणी किती, आच किती, सगळं नोंदींत होतं, तरी जमत नव्हतं. त्यात अलीकडे आक्का माणसांची नावं विसरायला लागलेल्या. मामांचा जीव टांगणीला लागला होता.

गेल्या मे महिन्यात उकाड्यानं पिंप नासू नये म्हणून मामांनी ते कूलरच्या तोंडाशी ठेवलं आणि वरून ओल्या वाळ्याची ताटी झाकली. झालं! सगळ्या बीअरला वाळ्याचा वास. मी म्हटलं, द्या ओतून मोरीत. मामांचाही चेहरा उतरला होता, पण नेमानं नेलीच त्यांनी.

आक्कांनी ग्लास नाकाशी धरला तो खाली ठेवीचनात. म्हणाल्या, "हाच गा. बाबाच्या अंगाले असाच वास येत जाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या कारखान्याच्याही दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागतच असणार. पण बीअरच्या नोंदीत त्या कोण लिहिणार?

मामांनी ग्लास घेतला. ऐंशीच्या घरातला तो माणूस डोळे मिटून, फेस बसेपर्यंत नुसता हुंगत राहिला. मग हळूच म्हणाला, "आक्का, बाबाले आजच भेटून राहिलो मी."