डब्याचं बटण

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला वाटतं, सत्काराचा फोटो मी लाजून भिंतीवर लावत नाही. लाजाळू—आणि मी? आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा!

आधी माझी फुशारकी ऐका, कारण ती खरी आहे. कणकवलीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. मालवणच्या ट्रॉलरवर बसवायला आम्ही एक डबा केला—होडी अडचणीत आली की तो किनाऱ्यावर संदेश पाठवतो. पण दोन-चार दिवस समुद्रात काढले की तो हँग व्हायचा. मेमरी लहानमोठ्या तुकड्यांत वाटली जायची, मध्ये फटी राहायच्या, आणि नव्या संदेशाला सलग जागाच मिळायची नाही. मी ती पद्धतच उखडली. मेमरीचा ‘पूल’, म्हणजे सामायिक साठा, केला: सुरुवातीलाच सगळे कप्पे एका मापाचे कापून ठेवायचे, संदेशाने एक उचलायचा, काम झालं की परत टाकायचा. मासळीच्या क्रेटसारखं. डबा असा पळायला लागला म्हणता! सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं, आणि मी काही खाली उतरेना.

मग—कसं सांगू?—कप्पे हळूहळू कमी होताना दिसले. कुठला तरी संदेश कप्पा परत करत नव्हता. कुठला, ते सापडेना. डबा बंद करून चालू केला की पूल पुन्हा भरलेला. तेव्हा मी काय करावं? तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना, नियमच घालून दिला: बंदर सोडण्याआधी बटण बंद करून चालू करायचं, यंत्राला विश्रांती लागते. त्यांनी तो भक्तिभावाने पाळला. कुणी अगरबत्ती ओवाळून बटण दाबी, कुणी क्रुसाची खूण करून.

बस्त्याव तांडेल माझा शाळेतला मित्र. एकदा वादळात त्याचं इंजिन बंद पडलं आणि डबा मुका झाला. दुसऱ्या होडीने त्याला ओढून आणेपर्यंत त्याची बायको जेटीवरून हलली नव्हती. आणि मी? मी चारचौघांत म्हणालो, तू बटण विसरलास.

"बटण दाबलंय रे मी, माका बरा आठवता."

"नीट आठव," मी म्हणालो. पुढेही म्हणत राहिलो—भेटेल तेव्हा, गोड आवाजात. तो पुन्हापुन्हा आठवून बघायला लागला.

दोष मला त्याच वादळामुळे सापडला. वादळात रेंज जाते, आणि जाऊ न शकलेला संदेश कप्पा धरूनच बसत होता. एका ओळीची चूक! ती दुरुस्त केली, एरियल काढून ठेवलं, संदेश फसू दिले—आणि एकूण एक कप्पा परत आला. मी ऑफिसात नाचलो. आजही ते आठवलं की छाती फुगते. खोटं कशाला बोलू? तेव्हापासून एकही डबा समुद्रात मुका झालेला नाही, भर वादळातसुद्धा. बटण कुणाला दाबावं लागत नाही.

जेटीवर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फटाके. बस्त्यावने माईक मागून घेतला.

"ह्येचो डबो तेव्हाय बरोच होतो. बटण दाबूक मीच इसारलंय."

तो माझ्यासाठी खोटं बोलत नव्हता—त्याला आता तसंच आठवत होतं. होडी ओढून आणली त्याच दिवशी, त्याच्याशी बोलण्याआधी, मी डबा तपासला होता; तो कधी बंद-चालू केला त्याची नोंद त्यात राहते. बस्त्यावने बटण दाबलं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.