फुल सस्पेन्शनला कॅरिअर

फुल सस्पेन्शनच्या तीन नव्याकोऱ्या सायकलींना मी कॅरिअर बसवून दिलं होतं. ज्यांना या सायकलींतलं कळतं ते एवढ्यावरच हसतील; त्यांनी हसून घ्यावं. बाकीच्यांना का हसायचं ते कळायला चिखलदऱ्यापर्यंत यावं लागेल. मलाही जावं लागलं होतं.

तर आम्ही चिखलदऱ्याला एका कॅम्पच्या मागे, उताराच्या तोंडाशी उभे होतो. मी, आमच्या दुकानाचे मिस्त्री सलीमभाई, आणि कॅम्पची मालकीण प्रीती. प्रीती मूळची अकोल्याची. कॉलेजातली नोकरी सोडून नवऱ्याबरोबर तिनं इथे शाळकरी मुलांची शिबिरं सुरू केली होती. आसपासच्या वाटांवर फिरायला तिला माउंटन बाइक हव्या होत्या, त्याही बऱ्याच. कुठल्या घ्यायच्या ते चालवून ठरवू म्हणाली, म्हणून मी डीलरकडून तीन वेगवेगळ्या जातींच्या ट्रायलला मागवल्या आणि टेम्पोत घालून वर आणल्या.

प्रीतीनं तिन्ही आळीपाळीनं चालवल्या. तिसरीवरून उतरली, हेल्मेट काढलं आणि कंबर चोळत म्हणाली, "काकू, तिन्ही सारख्याच आहेत. तिन्ही लाकडाच्या."

माझं तोंड पडलं. कारण त्या ऑर्डरवर आमचं दुकान टांगलेलं होतं.

अमरावतीतलं हे दुकान सासऱ्यांनी टाकलं. नवरा बँकेत, म्हणून त्यांच्यामागे ते माझ्याकडे आलं. पूर्वी कापूस विकला गेला की दसरा-दिवाळीच्या बेतानं बाप पोरांना घेऊन यायचे, आणि पोरगं दुकानातच सायकलवर बसून राहायचं, उतरायचंच नाही. मग कापसाची वाईट वर्षं सुरू झाली. नवी सायकल कोणी घेईना. जुनीलाच पंक्चर, जुनीलाच टायर, आणि टायरलाही आतून टायरचाच तुकडा. माझे दीर तेव्हा रोज येऊन शटर मोजल्यासारखं बघायचे. त्यांना तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. शेवटी ठरलं की ही ऑर्डर मिळाली तर दुकान सायकलचं, नाही मिळाली तर मोबाइलचं. सलीमभाई काही मोबाइल दुरुस्त करणार नव्हते. मीही नाही.

आता सस्पेन्शन म्हणजे काय ते सांगते. साध्या सायकलीला टायरमधली हवा आणि तुमचं नशीब, एवढंच सस्पेन्शन असतं. माउंटन बाइकला पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, स्प्रिंग असते, नाहीतर दाबाची हवा. फुल सस्पेन्शन म्हणजे मागेही तशीच सोय, तिला शॉक म्हणतात. त्यासाठी फ्रेम दोन तुकड्यांची करतात. पुढच्या तुकड्यावर तुम्ही बसता, मागच्यात चाक असतं. दोन्ही बिजागरीनं जोडलेले आणि मध्ये शॉक. चाक दगडावर चढलं की मागचा तुकडा उचलला जातो, शॉक दबतो आणि तुमची कंबर जिथल्या तिथे राहते. चाक किती वर जाऊ शकतं, त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात. कमी ट्रॅव्हलची सायकल हलकी. जास्त ट्रॅव्हलची जाड, जड आणि महाग.

हे आज मी असं घडाघडा सांगते. तेव्हा मला त्यातलं एकच कळलं होतं, की जास्त ट्रॅव्हल म्हणजे महाग. आणि महाग म्हणजे चांगली, हे मी मनानंच पुढे जोडलं होतं. कॅटलॉगची चार पानं वाचून मी स्वतःला या विषयातली बाई समजत होते. वर येताना टेम्पोत सलीमभाईंना ट्रॅव्हल समजावून सांगितलं. ते वाटभर मान हलवत होते. घाटाची वळणं होती, त्यामुळे मान माझ्या बोलण्याला हलत होती की वळणाला, ते सांगता येत नाही.

आणि आता कॅरिअर. आमच्या दुकानातून सायकल कधी नागडी बाहेर पडत नसे. कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप, याला पूर्ण फिटिंग म्हणायचं. गिऱ्हाईक भातकुलीचं असो की दर्यापूरचं, त्या सायकलवर दळणाचा डबा येणार, चाऱ्याचा भारा येणार आणि मागे बायको येणार. या तीन सायकली खोक्यातून निघाल्या तेव्हा त्यांना यातलं काहीच नव्हतं. सलीमभाई हळहळले. "भाभी, एवढी महाग गाडी अन् मांगं डबा ठेवायले जागा नाई. कंपनीवाले इसरले वाट्टे." मलाही तसंच वाटलं. बाजारातलं कॅरिअर बसेना, म्हणून त्यांनी वेल्डरकडून दूधवाल्यांच्या सायकलीला असतं तसं जाड पट्टीचं करून घेतलं. एक टोक सीटखाली, दोन पाय मागच्या चाकाच्या ॲक्सलला. मोठ्या घंट्या बसवल्या. मी हळदीकुंकू लावलं.

प्रीतीनं कॅरिअर पाहिलं तेव्हा भुवया उचलल्या होत्या. ती अशा सायकली एका शिबिरात हिमाचलात चालवून आली होती. त्या कशा चालतात ते तिला माहीत होतं, बनतात कशा ते नव्हतं. हे कशाला, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पाण्याच्या कॅनला, आणि आमच्याकडून फुकट. फुकट म्हटल्यावर तिनं हेल्मेट चढवलं. मग ती एकेक सायकल घेऊन दगडांतून गेली आणि आम्ही वरून ऐकत राहिलो. दर दगडाला घंटी आपोआप वाजायची. त्या सायकलीत हलणारं तेवढंच होतं.

"पुण्याच्या एका दुकानाशी बोलून पाहते," असं म्हणून प्रीती ऑफिसकडे निघाली. सलीमभाईंना ते लागलं. त्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, "गाडीत खोट नाई म्याडम. तुमचं वजनच नाई तिच्याजोगतं. थांबा, मी दाखवतो."

वजनाच्या बाबतीत सलीमभाईंना बोलायचा अधिकार होता. त्यांनी पायजमा मोज्यांत खोचला, सगळ्यात जड सायकल घेतली आणि उतारावर सोडली. घंटी वाजत वाजत झाडांमागे गेली. मग ताडकन आवाज आला. मग सलीमभाईंनी अल्लाचं नाव घेतलं, एकदाच, पण लांबलचक. मग काहीच नाही. प्रीती पळत खाली गेली. मी साडी सावरत मागून. मनात पहिला विचार सलीमभाईंचा आला की सायकलीचा, हे मी आजही कोणाला सांगितलेलं नाही.

दोघंही धड होते. सलीमभाई सायकल ढकलत वर येत होते, घामाघूम आणि खूश. मागचं कॅरिअर एका पायावर लोंबत होतं, सीटखालचा बोल्ट तुटून गेला होता. "भाभी, तुटलं त्याच्याआंधी कंबर मोडून राहिली होती," ते म्हणाले. "तुटलं अन् गाडी गादीवानी झाली."

प्रीती त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली. मी त्या सायकलीच्या सीटवर दोन्ही हात ठेवून दाबलं. सीट मऊपणे खाली गेली, वर आली. उरलेल्या दोन्हींच्या सीटवर दाबलं. ढिम्म.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. सीट पुढच्या तुकड्यावर, ॲक्सल मागच्यात. हे दोन तुकडे एकमेकांपासून मोकळे हलावेत म्हणून कुठल्याशा देशात कोण्या शहाण्यांनी वर्षानुवर्षं डोकी खाजवली होती. त्या दोघांना मी दूधवाल्याच्या पट्टीनं बांधून टाकलं होतं. वर हळदीकुंकू लावून.

"सलीमभाई, पाना काढा," मी म्हटलं. प्रीती यायच्या आत तिन्ही कॅरिअर सुटून गवतात पडली. आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण मी तेव्हा दुकानदार होते. शॉकला एक लॉक असतं, चढावर तो हलू नये म्हणून. ते मला कॅटलॉगमुळे माहीत होतं. प्रीती आल्यावर गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "अवो, तिघींचंही लॉक लागून राहिलं होतं. आता पाहा चालवून."

प्रीतीनं माझ्याकडे पाहिलं, मग गवताकडे. "आणि हे?"

"वजन कमी केलं," मी म्हणाले.

सलीमभाई आकाशाकडे बघू लागले. ओठ आवळून प्रीतीनं पहिली सायकल उचलली.

मग खरी ट्रायल झाली. कमी ट्रॅव्हलची हलकी सायकल तिनं कॅम्पच्या चढावर घातली. पाय मारला की ताकद सरळ चाकात जात होती. साध्या जंगलरस्त्यावर मुलांना हीच बरी, असं तिचं मत पडलं. मधली तिनं दगड आणि सागाच्या मुळ्यांच्या वाटेवर नेली. परत आली ती हसतच. म्हणे दगड होते ते सायकललाच ठाऊक, मला नाही. जड सायकल तीव्र उतारावर सगळ्यात भारी. प्रीती ओरडतच खाली गेली. पण वर येताना दर पेडलला मागचा शॉक खाली-वर, खाली-वर. निम्मी ताकद तोच खात होता. शेवटी उतरून ढकलत आली, सलीमभाईंसारखीच. असल्या सायकलीला वर आणायला जीप लागते, आणि जीपवाला ठेवणं तिला परवडणार नव्हतं.

जड सायकल सगळ्यात महाग, आणि मला तीच जास्तीत जास्त खपवायची होती. मी तोंड उघडलंच होतं, पण सलीमभाईंनी खोकून दाखवलं.

एक गोष्ट मात्र मी आपणहून सांगितली. हिवाळ्यात मुलांना खाली दर्यापूरकडे न्यायचा तिचा बेत होता. तिथली काळी माती ओली असेल तर यातली एकही नेऊ नको म्हटलं. चाक आणि फ्रेमच्या मध्ये चिखल असा बसतो की माणूस सायकलवर नसतो, सायकल माणसाच्या खांद्यावर असते. दिवसभरात मी खात्रीनं बोललेलं तेवढंच एक वाक्य. प्रीतीनं ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचार करून कळवते म्हणाली.

उतरताना टेम्पोत मी ट्रॅव्हलबद्दल एक अक्षर बोलले नाही. तिन्ही कॅरिअर पायाशी खडखडत होती. सलीमभाई मध्येच म्हणाले की भाभी, मोबाइलले कॅरिअर नसते, तेवढं बरं. दोघंही हसलो, पण फार नाही.

यातून मी शिकले ते एवढंच. आपली नेहमीची फिटिंग गिऱ्हाईकाला फुकट देताना, आधी सीट एकदा दाबून बघावी.

दोन-तीन दिवसांनी दुकानात फोन वाजला. दीर समोरच स्टुलावर बसले होते, म्हणून मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ केली. पलीकडे प्रीती होती.

"काकू, ऑर्डर पक्की. हलक्या जास्त, मधल्या थोड्या, जड एकही नको. आणि कॅरिअर अजिबात बसवू नका, माझी शपथ आहे तुम्हाला. घंट्या मात्र त्याच मोठ्या राहू द्या. इकडे अस्वलं आहेत."