पुसलेल्या चौकटीतला आकडा

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मदतखिडकीवर बसणाऱ्या बाईंना आम्ही तिथले सगळे कर्मचारी अक्का म्हणायचो. हुद्दा लहान, पण एकत्र जोडलेल्या तीनशे मशीनची नाडी त्यांनाच कळायची. मोठी आकडेमोड असली की काम रांगेत लावायचं आणि घरी जायचं. पाळी आली की मशीन आपसूक ते करून उत्तर फाईलमध्ये ठेवतं. पण संशोधकांचा जीव नोटबुकात, म्हणजे संगणकातल्या वहीत. पडद्यावर एका चौकटीत चार ओळी लिहायच्या, चालवायच्या, बघायच्या, पुन्हा वर जाऊन बदलायच्या. तेवढ्यासाठी अख्खं मशीन अडवून साहेब जेवायला! शेवटी नियम निघाला, नोटबुकही रांगेतच लावा. तेव्हापासून अक्कांना उसंत नव्हती. बावीस वर्षं तीच खुर्ची, घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि दिवसाला दहा जणांचं एकच गाऱ्हाणं, "माझ्याकडे चालतं, तुमच्याकडेच पडतं."

एका सोमवारी पुरांचा अभ्यास करणारे प्राध्यापक हेच गाऱ्हाणं घेऊन आले.

"पाच वेळा लावलं, अक्का. चाळीस सेकंदांत आडवं होतंय. शुक्रवारी नगरपालिकेला अहवाल द्यायचाय. बांधाची उंची त्यावर ठरणार आहे."

अक्कांनी चष्मा पुसला. "बसा. वरून खाली एकदा ओळीने चालवू."

अकराव्या चौकटीशी गाडं अडलं. तिथे पाण्याच्या मोजमापात एक दुरुस्तीचा आकडा गुणला होता, आणि तो आकडा नोटबुकात कुठेच लिहिलेला नव्हता.

"असं कसं? माझ्याकडे तर..."

"तुमचं नोटबुक तीन आठवडे उघडंच आहे, सर. चौकट तुम्ही पुसलीत, पण आकडा मशीनच्या डोक्यात राहिला. रांगेतलं मशीन कोऱ्या पाटीने सुरुवात करतं. त्याला कुठून ठाऊक असणार?"

प्राध्यापकांना तो आकडा आठवेना. अक्कांनी रोज साठवल्या जाणाऱ्या जुन्या प्रती उघडल्या. एकेक उघडायची, खाली सरकवायची, बंद करायची. मान अवघडली. सतराव्या प्रतीत ती चौकट सापडली, वर प्राध्यापकांचीच टीप : 'तात्पुरता. पाणी मोजायच्या फक्त एका ठाण्यावरून काढलाय. सहाही ठाणी घेऊन बदलणे.'

तेवढ्यात अक्कांचा फोन वाजला. वहिनी होती. "आई घास तोंडात घेईनात हो. तुम्हीच हव्यात."

"येते," म्हणून अक्कांनी फोन ठेवला. "सर, जुना आकडा घातला तर काम लगेच चालेल. सहा ठाण्यांचा काढायचा तर सगळं नव्याने. कुठला लावू?"

"जुनाच घातला तर कुणाला कळणार आहे?" प्राध्यापक पुटपुटले.

उपदेश करायचं त्राण अक्कांच्यात उरलं नव्हतं. त्या नुसत्या कळफलकावर हात ठेवून बसून राहिल्या.

"सहाचा," प्राध्यापक अखेर म्हणाले. "नगरपालिकेकडे मुदत वाढवून मागतो."

काम रांगेत एकाहत्तरावं लागलं. अक्का घरी गेल्या. आईला पेज भरवता भरवता त्यांचाच डोळा लागला, आणि वहिनीने हातातला चमचा काढून घेतला.

पुढल्या आठवड्यातल्या बुधवारी उत्तर आलं. नदीकाठच्या खालच्या वस्तीत पाणी आधीच्या हिशेबापेक्षा हातभर जास्त चढणार होतं. बांध तेवढा उंच धरावा लागला. अहवालात आभार मानले होते 'संगणक केंद्राचे'. अक्कांचं नाव नव्हतं. मला राग आला, त्यांना नाही.

प्राध्यापक मात्र सुधारले. पुढचं नोटबुक त्यांनी आधी बंद केलं, नव्याने उघडून वरून खाली चालवलं, मग रांगेत लावलं. खिडकीवर आलेच नाहीत. मी हे सांगितलं तेव्हा अक्का चपलेत पाय सरकवत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "दहातला एक तरी कमी झाला."