लंबूच्या फासळ्या

आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवाल्यांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. मी धंद्याने बाइंडर. दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवून त्याला पुठ्ठा लावायचा, एवढंच मला येतं. पण दुसरं कोणी लिहीना, म्हणून जमेल तसं लिहितो.

त्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. माणूस साठीचा, ठेंगणा, गोल चेहऱ्याचा. बोलणं अगदी मोजकं. गिऱ्हाइकाने "कधी मिळेल?" विचारलं की "गुरुवारी" म्हणत, आणि गुरुवारीच देत. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवताना त्यांचा श्वास रोखलेला असे. टोकापर्यंत पोचले की सोडत. लग्न केलं नाही. धाकटी बहीण काउंटरवर बसे. सगळी गल्ली तिला ताई म्हणे. दोघांच्या वाट्याचं बोलणं ती एकटीच बोलून टाकायची.

त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मुलीकडे राहायला निघाल्या. मुलीच्या घरात तान्हं मूल आणि वर चार मजले जिना. बाईंच्या कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. ग्रेहाउंड जातीचा तो उंचच उंच कुत्रा. शेवटच्या चादरी न्यायला आल्या तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लॉन्ड्रीवाल्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाले, "राहू दे इथे."

"अरे, जन्मात कधी पोपट पाळला नाहीस," ताई म्हणाली, "आणि आता एकदम घोडा?"

घोडा राहिला. बाईंनी त्याचं खाणंपिणं एका कागदावर लिहून दिलं होतं. लॉन्ड्रीवाल्यांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर लावला. आम्ही कोणी तो कधी वाचला नाही. कुत्र्याचं नाव मोठं भारदस्त होतं, ते पहिल्याच आठवड्यात गळून पडलं आणि उरला लंबू.

इतका मोठा कुत्रा इतका गरीब असू शकतो हे मला माहीत नव्हतं. पळायला जन्मलेला प्राणी, पण दिवसातले अठरा तास झोपायचा. कातडी पातळ, कोपरांची हाडं टोकदार, म्हणून जमिनीवर पडलं की त्याला जखमा व्हायच्या. लॉन्ड्रीवाल्यांनी कोणी न नेलेल्या तीन रजया एकावर एक शिवून त्याला गादी केली. थंडी सोसायची नाही, म्हणून जुन्या ब्लँकेटचा कोट केला, त्यालाही इस्त्री केली. कोणी ओळखीचं आलं की लंबू उठून त्याच्या मांडीला अंग टेकून उभा राहायचा, दमून आलेल्या पाहुण्यासारखा. रविवारी पहाटे शाळेचं कुंपण घातलेलं मैदान मोकळं असे. तिथे ते त्याला सोडत. मी एकदा बरोबर गेलो होतो. कुत्रा पळताना त्याचे पाय दिसतच नव्हते, आणि हा कधी आवाज न चढवणारा माणूस दोन्ही हात वर करून लहान पोरासारखा ओरडत होता.

पण त्याच्या फासळ्या दिसायच्या. लांबूनही मोजता याव्यात अशा.

"अहो, नुसता सापळा आहे हो," आमची ही म्हणाली. "काही खायला घालतात की नाही?"

"बाईंकडे होता तेव्हाही असाच होता."

"बाईंना कुठे दिसत होतं नीट!"

अकरा वाजता लॉन्ड्रीवाले कपडे पोचवायला बाहेर पडत आणि ताई आत स्वयंपाकाला जाई. तेव्हा मी लंबूला दुधात कुस्करलेला पाव देऊ लागलो. समोरचा बेकरीवालाही काहीबाही द्यायचा. मी त्याला पाहत होतो, तो मला पाहत होता. एकाच घरात शिरलेल्या दोन चोरांसारखे आम्ही नजर वळवायचो. लॉन्ड्रीवाल्यांना सरळ विचारावं, हे मला रोज सुचायचं आणि रोज उद्यावर जायचं. भल्या माणसाला "तुम्ही जनावर उपाशी ठेवता का?" असं कसं विचारायचं?

दोन वर्षं होत आली. एक दिवस तेच माझ्या दुकानात आले.

"तुमच्याकडे कुत्र्यांवरचं एखादं पुस्तक येतं का बांधायला?"

"का हो?"

"लंबूचं वजन वाढतंय. मी दर रविवारी गाठोड्यांच्या काट्यावर तोलतो. खाणं कमी करत आणलं, तरी वाढतंय. माझं कुठे चुकतंय कळत नाही."

मी "बघतो" म्हणालो. इथेच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, वजन वाढतंय म्हणजे आपल्या दुधाचा गुण आला. आणि घरी जाऊन मी काय सांगितलं? तर ते खाणं कमी करतायत. हिने दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात लंबूसाठी एक उकडलेलं अंडं वाढवलं.

मग तो दिवस आला. बेकरीची भट्टी बिघडली होती आणि भिजवलेलं पीठ उरलं होतं. अकराच्या सुमाराला बेकरीवाल्याने त्यातला एक गोळा लंबूपुढे ठेवलेला मी दारातून पाहिला. दोनला ताईची किंकाळी ऐकू आली. लंबू दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. ओकायचा प्रयत्न करत होता, पण काही पडत नव्हतं.

कपड्यांच्या हातगाडीवर गादीसकट घालून आम्ही त्याला दोन गल्ल्या पलीकडच्या, जनावरांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. लॉन्ड्रीवाले पुढून ओढत होते, मी आणि बेकरीवाला मागून ढकलत होतो. ताई त्याचं डोकं धरून चालत होती.

डॉक्टरीण बाईंनी पोटाचा फोटो काढला. "आज काय खाल्लंय याने?"

"सकाळी आठला दीड माप," लॉन्ड्रीवाले म्हणाले.

"आणखी?"

"आणखी काही नाही. त्याला दुसरं काही मिळत नाही." 'गुरुवारी' म्हणावं इतक्या खात्रीने म्हणाले.

"मग पोटाला पीळ पडला असावा. फोटोत नक्की कळत नाहीये, पण थांबता येणार नाही, कापावं लागेल. आणि आधीच सांगते, या जातीच्या अंगावर चरबी नसते, भूल फार जपून द्यावी लागते. वयही झालंय. उठेलच असं मी म्हणणार नाही."

लॉन्ड्रीवाल्यांनी लंबूच्या मानेवरचा हात काढला नाही. "कापा," म्हणाले.

मी बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, जन्माची खोड आहे. पण डॉक्टरीण बाई हात धुवायला वळल्या आणि मी म्हणालो, "पीठ."

"काय?"

"पीठ खाल्लंय त्याने. पावाचं, भिजवलेलं. अकरा वाजता."

"एवढंसंच होतं," बेकरीवाला म्हणाला आणि त्याने हातांनी माप दाखवलं. मग हात जरा आणखी लांब केले.

"खमीर घातलेलं?" बाई ओरडल्याच. "अहो, ते आत फुगतंय! त्याचीच दारू होतेय, म्हणून हा झोकांड्या खातोय. आधी का नाही बोललात? बर्फाचं पाणी आणा कोणीतरी. कापायचं नंतर बघू, थोड्या गुंगीत नळी घालून धुऊन काढते."

बर्फ आणायला बेकरीवाला जसा धावला, तसा धावताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

नंतर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी राहिलेलं सगळं सांगून टाकलं. दूध, पाव, अंडं.

"तुम्हाला वाटलं, मी त्याला उपाशी ठेवतो?" लॉन्ड्रीवाल्यांनी विचारलं.

"हो."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि मी त्याची वाटी कमी करत होतो," ते एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

राग ताईने भरून काढला. "केस पिकले दोघांचे, आणि चोरून कुत्र्याला भरवता! मला विचारायला काय झालं होतं? माझं तोंड काय बंद असतं कधी?" बोलता बोलता ती अचानक थांबली. पदराशी चाळा करत म्हणाली, "मी आपली चहाबरोबरची दोन बिस्किटं द्यायची. बिस्किट म्हणजे काही खाणं नव्हे."

लॉन्ड्रीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "कमाल आहे," म्हणाले, आणि डोळे पुसले. हसू होतं की रडू, मला ठरवता आलं नाही.

सहाच्या सुमाराला डॉक्टरीण बाईंनी दार उघडलं. लंबू शुद्धीवर होता, थरथरत होता. लॉन्ड्रीवाल्यांनी अंगातला स्वेटर काढून त्याच्यावर घातला आणि तिथेच फरशीवर बसले.

तीन दिवसांनी सकाळी आठला त्यांनी मला आणि बेकरीवाल्याला बोलावून घेतलं. माझा हात धरून लंबूच्या कुशीवर ठेवला. "दाबू नका, नुसता फिरवा. शेवटच्या तीन फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसल्या पाहिजेत. तो नीट असला की असाच दिसतो. कागदावर लिहिलंय."

मला एकही लागली नाही.

"लागतील," ते म्हणाले, आणि माप माझ्या हातात दिलं. "आजपासून सकाळचं तुम्ही घालायचं. संध्याकाळचं यांनी. मधे कोणी काही द्यायचं नाही. ताईनेही नाही."

मी कागदावर लिहिलेली पुरी दोन मापं घातली. लंबूने भांडं चाटून लख्ख केलं, मान वर केली आणि त्या लांब तोंडावरच्या मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहू लागला.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता काही नाही. तो बघत राहणार, आणि आपण द्यायचं नाही. हेच अवघड असतं हो. मी रोज इथेच उभा राहतो."

मीही उभा राहिलो. बेकरीवाला पण राहिला, त्याला भट्टीची आठवण होईपर्यंत.