कात्रीबाई आणि जास्तीचे शब्द

कात्रीबाई पहिल्या दोन बोटांनी माणसं कापायच्या. तुम्ही रंगात येऊन बोलत असताना ती दोन बोटं समोर यायची, उघडायची, मिटायची, आणि तुमचं वाक्य जागच्या जागी तुटून पडायचं. खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या, निवृत्त नर्स. मनवेलपाड्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्या आम्हाला दुभाष्याचं काम शिकवत होत्या. पेशंटची बोली डॉक्टरला सांगायची आणि डॉक्टरची हिंदी पेशंटला, जशीच्या तशी.

आमची बॅच म्हणजे एकेक नमुना! एक विमा एजंट डॉक्टरच्या प्रत्येक वाक्याला ‘काळजीचं कारण नाही’ असं शेपूट जोडायचा. एक मास्तर पेशंटवरच डाफरायचे, “इतके दिवस झोपला होतात?” आणि मी? एकांकिकांत बक्षिसं मिळवलेला, आजोळ खाडीकाठचं म्हणून बोली तोंडात खेळणारा महान नट! डॉक्टरने ‘शुगर वाढली आहे’ म्हटलं की मी भुवया, हात, उसासे लावून अख्खा प्रवेश करायचो.

“टाळ्या वाजवू का?” बाई विचारायच्या. “टँकरवाला पाण्यात सरबत कालवतो का रे? गप पाणी पोचव.”

एकदा मिठागराकडची एक म्हातारी आली. सोबत तिचा मिशाळ मुलगा. डॉक्टरने विचारलं, अंगावरून रक्त जातं का? आता आईच्या वयाच्या बाईला, तेही मुलासमोर, असं कसं विचारायचं? मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अदबीने म्हटलं, “काकी, बाकी सगळं बरं ना?” तिनेही रीतीप्रमाणेच उत्तर दिलं, “बरं हाय.” मी डॉक्टरला ऐटीत कळवलं, रक्त जात नाही.

मागून कात्री चालली. बाईंनी मुलाला बाहेर काढलं आणि डॉक्टरचा प्रश्न त्याच शब्दांत विचारला.

“जातं गो,” म्हातारी म्हणाली. “दोन म्हैने झाले. पोर हुबा होता, कसं सांगू?”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि तपासण्या लिहिण्याआधी माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलाखाली मावलो असतो.

“तुझ्या लाजेपायी ती मेली असती,” बाई जिन्यात म्हणाल्या. “आणि तू तिच्या तेराव्याला जाऊन छान रडला असतास.”

दयेची त्यांना शिसारी यायची. म्हणायच्या, “पेशंटसमोर बोललेलं सगळं पेशंटचं. त्यातलं अर्धं खिशात घातलंस तर तू चोर. बाहेर नेऊन वाटलंस तरी चोरच.”

मागच्या वर्षी बाईंना पक्षाघात झाला. वाचा परत आली, पण कमावलेली हिंदी, इंग्रजी, शुद्ध मराठी सगळी पुसली गेली. उरली फक्त घरची बोली. डॉक्टर हिंदीवाला, दुभाषी म्हणून बाईंचाच मुलगा. डॉक्टर पाच मिनिटं बोलायचा आणि मुलाचं भाषांतर एकच: “आई, तू बरी होणार.” बाईंनी त्याला दोन बोटं दाखवली आणि मला बोलावून घेतलं.

डॉक्टर म्हणाला, दुसरा झटका कधीही येईल, त्यातून वाचणं कठीण आहे. मुलाने माझं मनगट धरलं. “दादा, हे नका सांगू. प्लीज.”

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सांगितलं, त्यांच्या बोलीत, शब्दाला शब्द. मग माझ्यातला नट उसळलाच. “पण बाई, तुमच्यासारखी...”

डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर उघडली, मिटली. 

मुलगा रडू लागला. “रडायचं तं मंग रड,” बाई म्हणाल्या. “आधी नंदाखाल गावच्या बहिनीला आन.”

त्या बहिणीशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दोघी तासभर बोलल्या. चौथ्या दिवशी बाई गेल्या.

त्या तासभर मी दाराशीच होतो. सगळं ऐकलं. मला गोष्टी रंगवून सांगायचा किती सोस आहे, ते तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल. पण ते बोलणं पेशंटचं होतं.