डॉर्सीची शिट्टी

रानहंसांना बोलावण्याची लाकडी शिट्टी बिघडली की चेसापीकच्या खाडीकाठचे शिकारी एलवुडकडेच यायचे. एप्रिलात त्याची भावजय व्हर्ना अक्रोडाच्या लाकडाची एक शिट्टी घेऊन आली. ती त्याच्या धाकट्या भावाची, डॉर्सीची होती. डिसेंबरात होडी उलटून डॉर्सी गेला होता.

"वाजेनाशी झालीय, भावजी."

"शेगडीजवळ ठेवली असशील! लाकूड सावलीत सुकवायचं, मग तेलाचा हात फिरवायचा. सांगून थकलो. नवरा-बायको सारखेच बहिरे."

व्हर्ना हसली, पण लगेच म्हणाली, "आवाज मात्र त्याचाच राहू द्या. माझ्याकडे तेवढाच उरलाय."

थुंकी सुकून आतली, थरथरून आवाज काढणारी पत्ती चिकटली होती. ती काढून परत बसवताना केसभर सरकली, तरी आवाज बदलणार होता. एलवुडने जागेची खूण म्हणून पत्तीवर पेन्सिलीने रेघ मारली, पत्ती कोमट पाण्यात धुतली आणि पाहतो तर रेघच पुसलेली. व्हर्ना खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिला काही न सांगता त्याने अंदाजाने पत्ती बसवली.

शिट्टी ओठांना लावणार, इतक्यात पाणथळीकडून हाक आली. खर्जात सुरू होऊन शेवटी चिरकणारी, डॉर्सी या शिट्टीतून काढायचा तीच. हंस तर महिन्यापूर्वीच उत्तरेला गेले होते.

"अगदी तोच," व्हर्ना न वळताच म्हणाली. "छान जमवलीत, भावजी."

एलवुडने शिट्टी फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली.

"इतक्यात फुंकू नकोस. लाकूड ओलं आहे."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत."

त्याने ते कधीच सांगितलं नाही.